दोनशे एक्केचाळीसची नोंद

"जगातली निम्मी दुःखं माप न घेतल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी चुकीचं माप घेतल्यामुळे!" असं निरीक्षकांनी जाहीर केलं तेव्हा ते दवाखान्यातल्या वजनकाट्यावर मोज्यांनिशी उभे होते आणि ऐकायला एकटा कंपाउंडर होता. कंपाउंडरने वाकून आकडा वाचला, "त्र्याऐंशी."

"हा काटा चुकीचा आहे," निरीक्षक म्हणाले.

चौतीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेल्या माणसाला असं म्हणायचा अधिकार असतो. लादी समतल नाही हे त्यांनी गुडघ्यावर बसून सिद्ध केलं, काटा पलीकडच्या लादीवर सरकवायला लावला आणि पुन्हा उभे राहिले. तिथे चौऱ्याऐंशी भरले. मग पहिली लादीच बरी होती, असं त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि त्यांना काका म्हणत. रिपोर्ट वाचून त्या म्हणाल्या, "काका, उपाशीपोटी साखर दोनशे बारा. तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक एक. मधुमेह आहे. गोळी देते, पण खरं काम तुमचं. रोज चालायचं, मोजून खायचं, आकडे लिहून ठेवायचे. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

दुसऱ्या कोणाचा चेहरा उतरला असता. निरीक्षकांचा उजळला. निवृत्तीनंतर सहा वर्षांत कोणी त्यांना काही मोजायला सांगितलं नव्हतं.

घरी ते एकटेच. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी दुसऱ्या शहरात मोठ्या नोकरीवर, आणि दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येई. "बरे आहात?" "बरा आहे." "जेवलात?" "अकरा वाजता?" "बरं, ठेवते मग." असा तो आटोपशीर समारंभ असे. साखरेची बातमी तिला कळली आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. मंगळवारी वाजणारा फोन चुकून लागलेला असतो, हा निरीक्षकांचा तीन वर्षांचा अनुभव. त्यांनी उचलून "राँग नंबर" म्हटलंसुद्धा.

"बाबा, मी आहे! किती आली आज?"

त्या दिवसापासून फोन रोज येऊ लागला. आधी आकडा, मग खाल्लं काय, चाललात किती, पायाला मुंग्या येतात का, डोळे तपासले का. पहिल्या दिवशी बावीस मिनिटं झाली. एक गोष्ट मी वाचकांच्या कानात सांगतो, कारण निरीक्षक काही झालं तरी सांगायचे नाहीत. सात वाजले की ते फोनजवळची खुर्ची पुसून ठेवत आणि सव्वासातनंतर न्हाणीघरात जायचं टाळत.

मग संशोधन सुरू झालं. ग्रंथालयातली मधुमेहावरची पाचही पुस्तकं त्यांनी वाचली. पाचही लेखकांचं एकमेकांशी पटत नव्हतं. चालावं, एवढ्यापुरतं एकमत होतं. जुन्या पेटीतला पितळी तराजू स्वयंपाकघरात आला. साठ ग्रॅम भात म्हणजे साठ ग्रॅम. पारडं झुकलं तर निरीक्षक चिमट्याने शितं उचलत. टोचण्यासाठी दहा बोटांचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. डाव्या करंगळीने बुधवारी फार त्रास दिला म्हणून तिची रविवारी बदली झाली.

अडचण आली ती मशीनची. एक मशीन त्यांनी विकत आणलं, एक मुलीने पाठवलं. समोरच्या घरात शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर राहत. त्यांनाही मधुमेह होता. त्यांचं मशीन उसनं आणलं. एकाच बोटाचं, एकाच वेळचं रक्त. पहिलं म्हणालं एकशे ब्याऐंशी, दुसरं एकशे सत्तर, तिसरं एकशे त्र्याण्णव.

निरीक्षकांनी तडक डॉक्टर गाठल्या.

"काका, एवढं इकडेतिकडे व्हायचंच. पंधरा टक्के फरक चालतो."

"पंधरा टक्के?" निरीक्षकांचा आवाज चिरका झाला. "अहो, किलोला पंधरा ग्रॅमवर मी दुकानांना टाळं लावलंय!"

"पण हे दुकान नाही ना, काका."

हे उत्तर त्यांना मानवलं नाही. तिन्ही मशीन पिशवीत घालून ते आपल्या जुन्या कचेरीत गेले आणि पडताळणीसाठी रीतसर अर्ज केला. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांनीच शिकवून तयार केलेला गृहस्थ बसत असे. त्याने उठून नमस्कार केला, पाणी मागवलं आणि अर्ज नियमाप्रमाणे अडवला.

"साहेब, 'मालाचे नाव' या रकान्यात तुम्ही 'रक्त' लिहिलंय."

"मग काय लिहू?"

"रक्त आपल्या यादीतच नाही. दूध आहे, रॉकेल आहे. शिवाय 'विक्रीचा दर' कोरा ठेवलाय."

"मी विकत नाही!"

"मग साहेब, न विकलेल्या मालाच्या मापाशी खात्याचा संबंध काय? हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत." हे म्हणताना त्याला खरंच वाईट वाटत होतं. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता, 'सदर द्रव विक्रीसाठी असल्याचा पुरावा जोडावा.' त्या शेऱ्याखालची वळणदार सही करायलाही निरीक्षकांनीच शिकवलं होतं.

शेवटी प्रयोगशाळेत रक्त दिलं, त्याच मिनिटाला तिन्ही मशीनवर मोजलं, आणि मुलीने पाठवलेलं मशीन प्रयोगशाळेच्या सर्वांत जवळ निघालं. निरीक्षकांनी त्यावर एक गोल चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली, 'पडताळणी केली' असं लिहून सही केली. कित्येक वर्षांनी त्या सहीला काही काम मिळालं होतं.

ड्रिलमास्तरांचं मशीन परत करायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "अहो, एकटे काय चालता अंगणातल्या अंगणात? सकाळी सहाला बागेत या. आमची पलटण आहे."

पलटण तिघांची होती. स्वतः मास्तर, कोपऱ्यावर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या टेलरबाई, आणि कुलूपवाले, जे दिवसाला सरासरी चार शब्द बोलत. तिघांनाही साखर. पाण्याच्या टाकीभोवती दहा फेऱ्या घालायच्या, मग बाकावर बसून एकेकाने सकाळचा आकडा सांगायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा त्यांचा रिवाज होता. मास्तर कायम "एकशे दहा!" असं हजेरी दिल्यासारखं ओरडत. टेलरबाईंचे एकशे वीसच्या आत. कुलूपवाले नुसतं "ठीक" म्हणत आणि त्यांनाही टाळ्या मिळत.

निरीक्षक पहिल्या दिवशी खरा आकडा बोलले, "एकशे अठ्ठ्याहत्तर." टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरा.

आठवडाभरात भिंतीत ओल चढावी तसा त्यांच्या मनात संशय चढू लागला. मास्तर बाकावरून उठून समोरच्या दुकानात गोड बिस्किटं घेतात आणि तरी एकशे दहा? त्यांनी टेलरबाईंना बाजूला विचारलं. बाई हसल्या.

"भाऊ, कपडा शिवताना अंगापेक्षा दोन बोटं सैल सोडावा लागतो. नाहीतर माणसाने श्वास कुठे घ्यायचा? इथे सगळेच थोडं सैल सांगतात. सगळ्यांना माहीत असतं."

"म्हणजे खोटं?"

"सैल," बाई म्हणाल्या.

आता एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. निरीक्षकांनी दुसऱ्या दिवशी पडताळणी केलेलं मशीन, कापूस, सुया आणि तक्ता घेऊन बाकाचा ताबा घेतला. "आजपासून एकच मशीन, सर्वांसमक्ष," ते म्हणाले. "कोणावर अविश्वास म्हणून नव्हे. शास्त्र म्हणून."

चौतीस वर्षं दुकानदारांनाही ते हेच वाक्य म्हणत, आणि दुकानदारांचे चेहरे जसे होत तसेच तिघांचे झाले. टेलरबाई एकशे साठ. कुलूपवाले एकशे ब्याण्णव. मास्तरांनी छाती काढून बोट पुढे केलं. मशीनवर दोनशे चौसष्ट उमटलं. निरीक्षकांनी तो आकडा स्पष्ट आवाजात वाचला, कारण आकडा पुटपुटायचा नसतो.

कोणी टाळी वाजवली नाही. मास्तर उठले, शर्ट नीट खोचला आणि कवायतीच्या चालीने फाटकाबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सहाला बागेत कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. चौथ्या दिवशी माळ्याकडून कळलं की पलटण आता सातला येते.

सातला जायचं की नाही, यावर निरीक्षकांनी पुष्कळ विचार केला. माणसाला स्वाभिमान असतो. निरीक्षकांना तो जरा ठरलेल्या मापापेक्षा जास्तच होता. ते सहालाच जात राहिले. दहा फेऱ्या, मग बाकावर बसायचं आणि आकडा स्वतःशीच मनात सांगायचा. एकदा सवयीने टाळीही वाजली, तेव्हा टाकीवरची पाखरं उडाली आणि निरीक्षक घाईने घरी आले.

साखर मात्र उतरत गेली. माणूस एकटा असला की शिस्त पाळायला फार सोपं जातं. मोडायला कोणी लागतं. एकशे चाळीस झाली, एकशे तीस, एकशे अठरा, एकशे चार. आणि याच सुमारास, वही चाळताना, संशोधक निरीक्षकांच्या हाती एक शोध लागला. पाचांपैकी एकाही पुस्तकात तो नव्हता.

वहीत चालणं, जेवण, साखर आणि शेरा असे रकाने होते. सवयीने त्यांनी पाचवाही ठेवला होता, 'दूरध्वनी, मिनिटे'. दोनशे बाराला बावीस मिनिटं. एकशे ऐंशीला सोळा. एकशे चाळीसला आठ. आणि एकशे चारला?

"किती आली, बाबा?"

"एकशे चार."

"वा! मस्त! ठेवते हं, मीटिंग आहे."

पन्नास सेकंद. त्यातली दहा सुरुवातीच्या खोकल्याची.

निरीक्षकांनी वहीच्या शेवटच्या पानावर आलेख काढला. आडव्या रेघेवर साखर, उभ्या रेघेवर मिनिटं. सगळे ठिपके एका रेषेत आले. एवढी सरळ रेषा त्यांच्या चौतीस वर्षांत एकाही दुकानदाराने दिली नव्हती. साखर याच गतीने उतरली, तर महिनाअखेरीस फोन पुन्हा रविवारी अकरावर जाणार, हे गणित पट्टी लावून कोणालाही दिसलं असतं. त्यांनी पट्टी लावली. दिसलं.

दुसऱ्या संध्याकाळी साडेसातला फोन वाजला.

"किती, बाबा?"

मशीनवर एकशे दोन होतं. निरीक्षकांनी घसा साफ केला. "दोनशे अठ्ठावीस."

"काय?"

सव्वीस मिनिटं झाली. आधी साखर झाली, मग मुलगी रडकुंडीला आली, मग त्यांनी तिला धीर दिला, आणि धीर देतादेता गप्पा सुरू झाल्या. तिचा साहेब विचार करताना पेन चावतो, तिने पडदे बदललेत, खिडकीतलं रोपटं दोनदा मेलं आणि दोनदा उगवलं, हे सगळं निरीक्षकांना त्या दिवशी प्रथम कळलं. फोन ठेवल्यावर त्यांनी वही उघडली. साखरेच्या रकान्यात काय लिहायचं? दोन वेगळे आकडे ठेवणं म्हणजे दोन वजनं ठेवणं, आणि त्याला खात्यात कैद होती. त्यांनी दोनशे अठ्ठावीस लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुसऱ्या दिवशी मशीनवर पुन्हा एकशे चार, तोंडी दोनशे एक्केचाळीस. एकतीस मिनिटं.

पण खोट्या मापाचं एक असतं, ते एका दुकानात राहत नाही. मुलीने घाबरून ड्रिलमास्तरांना फोन केला. दीड महिना निरीक्षकांकडे बघून न बघितल्यासारखं करणारे मास्तर पाच मिनिटांत दारात उभे राहिले.

"दोनशे एक्केचाळीस? आणि आम्हाला पत्ता नाही? शेजारी म्हणून मी काय मेलोय?"

मागोमाग टेलरबाई आल्या. त्यांनी निरीक्षकांच्या चपला पाहिल्या, नाक मुरडलं आणि मापाचे मऊ बूट आणायला सांगितलं. कुलूपवाले आले, कुलूप काढून घेऊन गेले आणि तासाभरात जादा किल्लीसकट परत आणलं. "पडलात तर," एवढंच म्हणाले. जादा किल्ली मास्तरांच्या खिशात गेली. दुसऱ्या पहाटे मास्तर थेट घरात शिरून पलंगाशी "उठा!" म्हणून ओरडले. दहाच्या पंधरा फेऱ्या झाल्या. टेलरबाईंनी कसल्याशा पाल्याचा रस आणला, तो इतका कडू होता की निरीक्षकांना आपल्या अपराधाची शिक्षा परस्पर सुरू झाल्यासारखं वाटलं.

"मशीनमध्ये काही गडबड नसेल ना?" टेलरबाईंनी एकदा शंका काढली.

"निरीक्षकांच्या मशीनमध्ये?" मास्तर खवळले. "त्या माणसाने माझा आकडा भर बागेत वाचला, बाई! तो माणूस आकड्यात गडबड करणार?"

निरीक्षकांनी उरलेला रस एका घोटात संपवला.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने चार दिवसांची रजा टाकली होती, गुरुवारी निघणार होती. डॉक्टरांशीही बोलली होती. गोळी वाढवायला लागेल बहुतेक, पण त्याआधी उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्या म्हणाल्या. निरीक्षक मान डोलवत होते. चार दिवस! त्यांनी मनातल्या मनात साठ ग्रॅमचे दोन भात मोजलेसुद्धा. ती येणार, या सुखात गोळीचं भय बुडून गेलं. पण तळाशी ते होतं.

सकाळी अख्खी पलटण दवाखान्यात हजर. अकरा वाजता डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला, वही उघडली, पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"काका, उपाशीपोटी अठ्ठ्याण्णव. सरासरी सहा पूर्णांक तीन, म्हणजे उत्तमच. आणि वहीत परवा दोनशे एक्केचाळीस?" त्या क्षणभर थांबल्या आणि हसल्या. "मशीन बिघडलेलं दिसतंय. होतं असं कधीकधी. टाकून द्या ते."

"वाटलंच!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "भामटं मशीन!"

"सुटलो बाई," टेलरबाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी आता नुसती मान हलवायची होती. चौतीस वर्षं प्रत्येक दुकानदार त्यांना हेच सांगत आला होता, साहेब, माझा काय दोष, काटाच खराब. मशीन त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, वर त्यांच्याच सहीची चिठ्ठी. मुलीने पाठवलेलं मशीन. तीन महिन्यांत ते एकदाही चुकलं नव्हतं. निरीक्षक मान हलवायला गेले आणि त्याऐवजी उभे राहिले.

"मशीन निर्दोष आहे," ते म्हणाले. "आकडा मी वाढवला."

"कितीने?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"एकशे सदतीस."

"पण का, काका?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तुमच्या आकड्यावर मी गोळी वाढवली असती तर साखर खाली जाऊन तुम्ही कोसळला असता, कळतंय का?"

निरीक्षकांनी वही घेतली, शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे पाहत उभे राहिले. डॉक्टरांनी आलेख पाहिला. मास्तर खांद्यावरून वाकले.

"आडवी साखर दिसतेय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "उभी रेघ कसली?"

"मिनिटं," निरीक्षक म्हणाले. "फोनची."

बाहेर कंपाउंडर कोणाला तरी काट्यावर नीट उभं राहायला सांगत होता. शेवटी टेलरबाई म्हणाल्या, "भाऊ, दोन बोटं सैल सोडायची म्हटलं होतं. तुम्ही तंबूच शिवलात."

मास्तरांनी जादा किल्ली खिशातून काढली, थोडा वेळ हातात फिरवली आणि परत खिशात टाकली. "उद्या सातला," ते गुरकावले. "आकडा तोंडी सांगायचा. मशीन आणलंत तर टाकीत फेकीन."

घरी येऊन निरीक्षकांनी स्वतः फोन लावला. दुपारचे बारा. खुर्ची पुसलेली नव्हती.

"बाबा? काय झालं? चक्कर आली?"

"नाही. अठ्ठ्याण्णव आहे. सगळं उत्तम."

"अठ्ठ्याण्णव? मग दोनशे एक्केचाळीस? म्हणजे ते मशीन..."

"मशीनला बोलू नकोस. तो आकडा मी बोललो होतो."

"बाबा, मी तीन रात्री झोपले नाहीये."

"चूक झाली."

"असं कशाला पण सांगायचं?"

आलेख फोनवर दाखवता येत नाही. निरीक्षकांनी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा वाक्य भलतीकडे गेलं. "नोंद आहे," ते म्हणाले. "कधी आलीस की दाखवीन."

मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. "आले!" ती तिकडे म्हणाली, आणि मग इकडे, "बाबा, बरे आहात ना नक्की? मग ती रजा रद्द करते हं. तशीही इथे बोंबाबोंब चाललीय. मी रागावले नाहीये, खरंच. आता काळजी मिटली. रविवारी करते."

"हो," निरीक्षक म्हणाले. "बरोबर आहे. रजा वाया घालवू नये."

"ठेवू?"

"ऐक ना."

"काय?"

"बुधवारी पण करशील का? सांगायला काही नसेल. पण करशील?"